जुन्या वाड्यांचे जतन व शाळांचे कार्य

किल्ला, देऊळ आणि वाडा या तीन प्रकारच्या वास्तूंतून मराठी समाजाचा गेल्या तीनचारशे वर्षांचा इतिहास आपल्यापुढे उभा राहतो. यांपैकी किल्ल्यांकडे अलीकडे पुष्कळांचे लक्ष वेधले गेले आहे. २०२५ च्या जुलै महिन्यात युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला. त्यांतील अकरा महाराष्ट्रात असून बारावा जिंजीचा किल्ला तामिळनाडूत आहे. देवळांना भक्तजनांचा आधार असतो. मूर्ती जागेवर आहे तोवर दिवाबत्ती होते, आणि दिवाबत्ती होते तोवर छपराची कौलेही कोणीतरी परतवतो. वाड्याला मात्र असा वाली नसतो. तो कोणा एका घराण्याचा असतो, आणि घराणे विस्कटले की वाडाही विस्कटतो. घर फिरले म्हणजे वासेही फिरतात ही म्हण आपण माणसांच्या वागणुकीसंबंधी वापरतो. जुन्या वाड्यांच्या बाबतीत ती अक्षरशः खरी आहे.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या मराठी समाजास हा प्रश्न विशेष जवळचा आहे. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर यांसारख्या नगरांत मराठी माणसे प्रथम आली ती फौजेबरोबर आणि दप्तराबरोबर. त्यांनी तेथे जे कायमचे उभे केले ते मुख्यतः वाडेच होत. बोलणारी माणसे पांगली, नव्या पिढीच्या शाळेचे माध्यम बदलले, तरी ज्या वास्तूवरून आपल्या वसाहतीचा आरंभ बोटाने दाखवता येतो ती वास्तू म्हणजे वाडा. म्हणून वाड्यांचे जतन कसे होते, ते का होत नाही, आणि त्या कामी शाळांनी व साहित्यसंस्थांनी नेमके काय करावे, याचा विचार या लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे. विवेचनास आधार म्हणून बडोद्याच्या रावपुऱ्यातील तांबेकर वाडा आम्ही मुख्यतः नजरेपुढे ठेवला आहे.

वाड्याची रचना

वाडा म्हणजे केवळ मोठे घर नव्हे. मध्ये मोकळा चौक, त्याच्या चारी अंगांना सोपे व ओसऱ्या, आणि या गाभ्याभोवती दिवाणखाना, माजघर, देवघर, स्वयंपाकघर, कोठीची खोली अशी मांडणी, हे वाड्याचे मूळ सूत्र होय. बाहेरच्या जगाशी वाड्याचा संबंध दिंडीदरवाजाने येतो. प्रकाश व वारा यांच्याशी तो चौकाने येतो. घराण्याचा व्याप वाढला की एकाचे दोन व दोनाचे तीन चौक होत. पहिल्या चौकात कारभार, दुसऱ्यात कुटुंबाचा वावर, तिसऱ्यात धुणीभांडी व गोठा, अशी विभागणी मोठ्या वाड्यांत आढळते. तिच्यावरून त्या काळी घरातील कोणत्या माणसाने कोठवर यावे याचे दंडक आपोआप वाचता येतात.

बांधणीची पद्धतही ध्यानात घेण्याजोगी आहे. जोते दगडाचे, त्यावर सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कडीपाट, आणि मधल्या पोकळ्या भरून काढणाऱ्या चुन्यात बांधलेल्या विटांच्या भिंती, असा हा सांगाडा असतो. अशा घरात भार प्रामुख्याने लाकडाच्या चौकटीवर असतो. भिंत पुष्कळ ठिकाणी अंतरपाटासारखी असते. म्हणूनच भिंतीचा एखादा तुकडा ढासळला तरी मजला तोलून राहतो. परंतु भिंतीत दडलेले एका तुळईचे टोक कुजले, तर वरून धडधाकट दिसणारा सबंध दिवाणखाना धोक्यात येतो. वाड्याचे दुखणे डोळ्यांना दिसते तेथे क्वचितच असते.

तांबेकर वाड्याचे महत्त्व

विठ्ठल खंडेराव उर्फ भाऊ तांबेकर हे गणपतराव महाराज गायकवाड यांच्या कारकीर्दीत, १८४९ ते १८५४ या काळात, बडोद्याचे दिवाण होते. रावपुऱ्यातील त्यांचा वाडा आज केंद्र सरकारच्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या संरक्षणाखाली आहे. बाहेरून पाहणाऱ्यास तो जुन्या वळणाचा, लाकडी खांब व कोरीव काम असलेला एक मजलेबंद वाडा वाटतो. त्याची खरी ओळख आतल्या भिंती पाहिल्यावर पटते. वरच्या दालनांच्या भिंतींवर लहानमोठी शेकडो चित्रे काढलेली असून त्यांत महाभारतातील प्रसंग आहेत, कृष्णलीला आहेत, इंग्रज व मराठे यांच्या युद्धाचे देखावे आहेत, आणि युरोपीय पोषाखातल्या स्त्रियाही आहेत.

या विषयसूचीतच एका काळाचे चरित्र सामावले आहे. एकोणिसाव्या शतकात बडोद्याच्या एका मराठी कारभाऱ्याच्या घरात पुराणकथा व इंग्रजी अंमल एकाच भिंतीवर शेजारी नांदत होते. त्या घराचा मालक देवघरात पूजा करी आणि रेसिडेन्सीशी पत्रव्यवहारही सांभाळी. त्या पिढीच्या मनाची ही दुपदरी घडण ग्रंथांतून समजावून सांगण्यास पाने खर्ची घालावी लागतात; भिंतीसमोर उभ्या केलेल्या विद्यार्थ्यास ती पाहता पाहता समजते.

दुसरी गोष्ट अशी की, हा वाडा मराठी धाटणीचा असला तरी तो गुजरातच्या भूमीवर उभा आहे. लाकडी कोरीवकामाची फार जुनी व फार संपन्न परंपरा गुजरातेत आहे. हवेल्यांचे हस्त, झरोके व दरवाजे तिची साक्ष देतात. मराठी सरदार व कारभारी येथे आले ते चौकाची आणि माजघराची कल्पना घेऊन आले. त्या कल्पनेस रूप द्यावयाचे तर ते येथील लाकूड, येथील चुना आणि येथील हात यांच्या संगतीनेच देणे प्राप्त होते. तेव्हा बडोद्यातील मराठी वाडा हा एका भाषेचा ठेवा म्हणून मिरविण्याची वस्तू नव्हे, दोन भाषांच्या शेजारधर्माचा तो दाखला आहे. या मुद्द्याकडे आम्हांस पुढे पुन्हा वळावयाचे आहे.

वाडे का पडतात

वाडे काळाच्या ओघात पडतात असे आपण सहज म्हणतो. वस्तुतः काळ एकटा काही पाडीत नाही. वाड्यांच्या नाशाची कारणे ठराविक आहेत आणि ती समजून घेतल्यास त्यांतील बरीचशी टाळता येतात.

पहिले कारण मालकीचे. तीनचार पिढ्यांत वारसांची संख्या वाढते. कोणी पुण्यास, कोणी मुंबईस, कोणी परदेशी असतो. प्रत्येकाचा हिस्सा लहान, दुरुस्तीचा खर्च मात्र मोठा. जुने भाडेकरू असल्यास भाडे इतके अल्प असते की त्यातून कौलेही शाकारता येत नाहीत. ज्याला राहावयाचे नाही तो खर्च करीत नाही आणि ज्याला राहावयाचे आहे त्याला खर्चाचा अधिकार नसतो. अशा स्थितीत, जागेची किंमत वास्तूच्या किंमतीहून कितीतरी अधिक असल्याने, पाडून टाकणे हाच सर्व हिस्सेदारांना एकमताने मान्य होणारा मार्ग ठरतो. यात कोणाचा दुष्टपणा नसतो. निर्णयाचा भार वाटला गेला की जबाबदारी कोणाचीच राहत नाही, इतकेच.

दुसरे कारण पाण्याचे. पाणी वाड्यात दोन वाटांनी शिरते. फुटलेल्या कौलांतून व तुंबलेल्या पन्हळीतून ते वरून येते, आणि जमिनीतील ओल विटांच्या सूक्ष्म छिद्रांतून खालून वर चढते. ओल आली की लाकूड मऊ पडते आणि वाळवीस वाट मोकळी होते. भिंतीच्या फटीत पक्ष्यांच्या विष्ठेतून पडलेले पिंपळाचे बी रुजते. त्याचे मूळ दोनचार पावसाळ्यांत चुन्याची सांध उकलून टाकते. कोवळे रोप उपटण्यास एका माणसाची पाच मिनिटे पुरतात. तेच झाड झाले म्हणजे भिंत उतरविल्यावाचून गत्यंतर राहत नाही.

तिसरे कारण चुकीच्या दुरुस्तीचे, आणि याविषयी गैरसमज फार आहेत. ओल दिसली की सिमेंटचा गिलावा करून टाकावा, असा सर्वत्र प्रघात पडला आहे. जुन्या भिंतीचा चुना सच्छिद्र असतो. तो ओल शोषून घेतो व कोरड्या हवेत ती परत सोडून देतो. सोप्या शब्दांत, भिंत श्वास घेते. सिमेंटचा थर कठीण व दाट असल्यामुळे हा मार्ग बंद होतो. आत कोंडलेली ओल वर चढत राहते, क्षार साचतात, विटांची माती होऊ लागते, आणि बाहेरून गुळगुळीत दिसणाऱ्या थरामागे भिंत पोकळ होते. जुने गवंडी चुना घाणीत मळून घेत, त्यात गूळ, बेलफळाचा रस यांसारखे पदार्थ मिसळीत आणि मिश्रण मुरू देत. हा खटाटोप अडाणीपणाचा नव्हता; चुन्यास चिकटपणा व टिकाऊपणा यावा यासाठी अनुभवाने बसविलेली ती रीत होती. जुन्या घराची दुरुस्ती जुन्याच द्रव्याने करावी, हा जतनशास्त्राचा पहिला नियम यावरून समजून येईल.

भित्तिचित्रे असलेल्या वाड्यात ही काळजी दुप्पट घ्यावी लागते. भिंतीवरील चित्रे दोन रीतींनी काढली जातात. ओल्या गिलाव्यावर रंग दिला तर तो चुन्याशी एकजीव होतो आणि पुष्कळ टिकतो. वाळलेल्या गिलाव्यावर डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवून रंग दिला तर तो पृष्ठभागावरच राहतो. ओल्या फडक्याच्या एका हाताने तो निघून येऊ शकतो. कोणते चित्र कोणत्या रीतीचे आहे हे तज्ज्ञानेच पारखावे. सामान्य माणसाने लक्षात ठेवावयाचे ते एवढेच की चित्रास हात लावू नये, कारण बोटांवरचा घाम व तेलकटपणाही रंगास बाधक असतो. आणि ते कधीही ‘स्वच्छ’ करावयास जाऊ नये.

चौथे कारण आगीचे. पुण्याचा शनिवारवाडा १८२८ साली जळाला. १८७९ च्या आगीत तेथीलच बुधवारवाडा नाहीसा झाला. इंदूरच्या सात मजली राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडी व वरचे चार लाकडी. त्यानेही एकाहून अधिक वेळा आग सोसली असून १९८४ च्या दंगलीत त्याची मोठी हानी झाली. पूर्वी दिवट्या व चुली यांची भीती असे. आज जुन्या लाकडावरून कशाही ओढलेल्या विजेच्या तारांची भीती त्याहून मोठी आहे. जुन्या वाड्यात प्रथम कोणता खर्च करावा असे कोणी विचारल्यास, रंगरंगोटीच्या आधी कौले, पन्हळी आणि विजेच्या तारा, असेच उत्तर द्यावे लागेल.

कायद्याची मर्यादा

१९५८ च्या प्राचीन स्मारकांविषयीच्या केंद्रीय कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या वास्तूंना संरक्षण मिळते. २०१० साली त्यात झालेल्या दुरुस्तीनुसार संरक्षित क्षेत्राच्या सीमेपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध असून त्यापुढील २०० मीटरांच्या पट्ट्यात ते परवानगीवाचून करता येत नाही. गुजरात राज्याचा स्वतःचा कायदा १९६५ चा आहे. याखेरीज १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आपल्या संमिश्र संस्कृतीच्या वारशाचे मोल जाणून त्याचे जतन करणे हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरविले आहे.

कायदा इतका स्पष्ट असताना चिंता कशाची, असे कोणी विचारील. चिंता दोन प्रकारची आहे. एक तर कायद्याचे छत्र मोजक्या वास्तूंवर आहे. गल्लीबोळांतील शेकडो सामान्य वाडे त्याच्या बाहेर आहेत, आणि एखादी वसाहत काय होती हे त्या सामान्य वाड्यांवरूनच कळते. दुसरे असे की, ज्या वास्तूवर छत्र आहे तिच्या शेजाऱ्यांस ते काच म्हणूनच जाणवण्याचा संभव असतो. आपल्या घरावर मजला चढवावयाचा तर परवानगी मिळत नाही, आणि ज्या वाड्यापायी ती मिळत नाही त्यात काय आहे हे तर आपणांस कोणी सांगितलेले नाही, अशी शेजाऱ्याची स्थिती असल्यास त्याने त्या वाड्यावर प्रेम करावे ही अपेक्षा व्यर्थ होय. कायदा भिंत राखतो. भिंतीविषयीची आस्था राखणे त्याच्या शक्तीबाहेरचे आहे. ते काम शिक्षकाचे आहे.

अहमदाबादचा धडा

या बाबतीत शेजारच्या अहमदाबादेकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. तेथील जुन्या शहरात पोळींची वस्ती असून त्यांतील लाकडी घरे आपल्या वाड्यांप्रमाणेच वारसांत वाटली गेलेली, गजबजलेली व थकलेली होती. महानगरपालिकेने या प्रश्नासाठी स्वतंत्र विभाग उघडला आणि १९९७ च्या नोव्हेंबर महिन्यात जुन्या शहरातून पायी फिरण्याचा एक मार्ग आखला. काळुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून जामा मशिदीपर्यंत सकाळच्या वेळी पाहुण्यांना पोळीपोळींतून हिंडवून आणावे, एवढीच ही योजना. पण तिचा परिणाम दूरवर झाला. रोज कोणी परका येऊन आपल्या दारावरचे कोरीव काम न्याहाळतो हे पाहून घरमालकासही ते दार नव्याने दिसू लागते. २०१७ साली युनेस्कोने अहमदाबादचे जुने शहर जागतिक वारसा म्हणून मान्य केले. मधली वीस वर्षे वास्तुशास्त्रज्ञांइतकीच तेथील रहिवाशांचीही होती, हे विसरता कामा नये.

याच मार्गावर कवी दलपतराम यांच्या घराची जागा लागते. मूळ घर उरलेले नाही. त्याचा दर्शनी भाग तेवढा नव्याने उभारून त्यापुढे कवीचा बसलेला पुतळा ठेवला आहे. ही कल्पना हृद्य आहे यात शंका नाही. मुले पुतळ्याशेजारी बसतात, आणि कवीचे नाव गल्लीत जिवंत राहते. तथापि त्या दर्शनी भिंतीमागे खोल्या नाहीत, ही गोष्टही तितकीच खरी. आपल्या गावच्या एखाद्या वाड्याच्या वाट्यास हेच यावे, की त्याआधीच आपण जागे व्हावे, याचा निर्णय अद्याप आपल्या हाती आहे.

वाडा आणि शब्द

साहित्यसंस्थांनी या प्रश्नात का पडावे, असा प्रश्न आमच्या काही मित्रांनी विचारला आहे. दगडविटांचे काम पुरातत्त्व खात्याचे, आपले काम ग्रंथांचे, असा त्यांचा अभिप्राय. त्यास आमचे उत्तर असे की, वाडा हा शब्दकोशही आहे. सोपा, ओसरी, पडवी, माजघर, बळद, कोनाडा, फडताळ, माळा, दिंडी, अडसर, कडीपाट, तक्तपोशी, पन्हळ, पागोळ्या: या शब्दांतील किती आजच्या दहावीच्या विद्यार्थ्यास ठाऊक आहेत? अर्थ पाठ करवून ते शिकवता येत नाहीत. ज्याने अडसर सरकवलेला नाही त्याला ‘अडसर दूर झाला’ या वाक्प्रचारातील आवाज ऐकू येत नाही. ज्याने ओसरी पाहिली नाही त्याला ‘भटाला दिली ओसरी, भट हळूहळू पाय पसरी’ या म्हणीतली खोच कळत नाही. वस्तू गेली की शब्द काही काळ तिच्या आठवणीवर जगतो, मग तो कोशात जातो, आणि तेथे त्याची भेट घेणारे थोडे.

बडोद्याच्या सभासदांस तर या कामी घरचाच कित्ता आहे. सयाजीराव महाराजांच्या राज्यात १९३१ साली ‘श्री सयाजीशासन शब्दकल्पतरु’ प्रसिद्ध झाला. राज्यकारभारात लागणारे शब्द त्यात मराठी व गुजराती यांसह आठ भाषांत शेजारी शेजारी मांडले आहेत. त्याच धर्तीवर घराच्या शब्दांचा एक लहानसा द्विभाषिक संग्रह आपण करू शकतो. आपली ओसरी गुजरातीतही ओसरीच आहे. आपला ओटा तेथे ओटलो होतो. मराठी मुलाने आणि गुजराती मुलाने एकाच वाड्यात फिरून एकाच वस्तूची दोन नावे टिपावीत, याहून चांगला भाषेचा पाठ आम्हांस सुचत नाही. वर म्हटलेला शेजारधर्म व्याख्यानाने शिकवण्याची मग आवश्यकता राहणार नाही.

शाळेने काय करावे

आता प्रत्यक्ष कार्याकडे वळू. वाड्याची दुरुस्ती करणे शाळेच्या आवाक्यातील नाही आणि तिने त्या भरीस पडूही नये. परंतु पुढील पाच गोष्टी कोणत्याही शाळेस अल्प खर्चात करता येतील.

पहिली गोष्ट नोंदीची. शाळेच्या परिसरातील, समजा पन्नास वर्षांहून जुन्या, घरांची यादी विद्यार्थ्यांनी करावी. घराचे प्रचलित नाव, गल्ली, मजले, चौक आहे की नाही, लाकूडकाम कसे आहे, आणि घर राहते आहे की रिकामे, इतके रकाने पुरेत. अशी यादी दर पाच वर्षांनी पुन्हा केली की गावाचा ऱ्हास वा सावरणे आकड्यांत दिसते. मालकाच्या अनुमतीवाचून आत जाऊ नये आणि मोडकळीस आलेल्या मजल्यावर मुलांना कदापि नेऊ नये, हे सांगणे नलगे.

दुसरी मोजमापाची. फीत घेऊन चौक मोजावा, पावलांनी ताडून पाहावा आणि चौकटीच्या कागदावर प्रमाणात काढावा. गणिताच्या शिक्षकास याहून जिवंत उदाहरण मिळावयाचे नाही. वाडा पुढे दुर्दैवाने पडलाच, तर मुलांनी काढलेला तो आराखडा मागे राहतो.

तिसरी वृद्धांच्या आठवणींची. येथे प्रश्न विचारण्याची कला शिकवावी लागते. ‘या वाड्याचा इतिहास काय?’ असे विचारले तर वृद्ध मनुष्य ऐकीव दंतकथा सांगतो. ‘पिण्याचे पाणी कोठे ठेवीत? तिन्हीसांजेला दिवा कोण लावी? हळदीकुंकू कोणत्या सोप्यात होई? बाहेरचा माणूस कोठपर्यंत येई?’ असे विचारले म्हणजे तो स्वतः पाहिलेले सांगतो. ऐकीव व पाहिलेले यांची नोंद वेगवेगळी ठेवावी. इतिहासशास्त्राचा हा पहिला पाठ मुलांस असा आपोआप मिळतो.

चौथी कागदपत्रांची. पुष्कळ घरांत माळ्यावरच्या पेटीत मोडी कागदांचे रुमाल पडलेले असतात. त्यांत सनदा क्वचित, पण जमाखर्च, खाजगी पत्रे व लग्नाच्या याद्या हमखास सापडतात. समाजाचा इतिहास लिहिण्यास सनदांहून याद्याच अधिक उपयोगी पडतात. अशा कागदांस चिकटपट्टी लावू नये, प्लास्टिकमध्ये कोंडू नये; कोरड्या जागी स्वच्छ सुती कापडात बांधून ठेवावेत. छायाचित्रे घेऊन मूळ कागद घराण्यासच परत करावेत. त्यायोगे विश्वास टिकतो व पुढची पेटी उघडते. मोडी वाचणारे हात दिवसेंदिवस कमी होत आहेत. साहित्यसंस्थांनी मोडीचे वर्ग चालविल्यास हे वाचन तेथे होऊ शकेल.

पाचवी गोष्ट देखरेखीची. पहिल्या मोठ्या पावसानंतर कोठे ओल आली, कोणत्या भिंतीत पिंपळ उगवला, कोणती पन्हळ तुंबली, हे रस्त्यावरून दिसते. विद्यार्थ्यांनी ते टिपावे व शाळेने मालकास, वास्तू संरक्षित असल्यास संबंधित खात्यास, पत्राने कळवावे. तक्रारीचा सूर नसावा. शेजाऱ्याने शेजाऱ्यास सावध करावे तसा असावा. वेळेवर गेलेले एक पत्र पुष्कळदा पुढील मोठा खर्च वाचविते. बडोद्यास आणखी एक सोय आहे. १९४९ साली स्थापन झालेल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात ललितकला, पुरातत्त्व व संग्रहालयशास्त्र या तिन्हींचे अध्यापन होते. शाळांनी नोंदी कराव्यात आणि तज्ज्ञांनी त्या तपासाव्यात, अशी साखळी जुळविणे तेथे अवघड नाही.

एक रास्त आक्षेप

या सर्वांवर एक आक्षेप घेतला जातो आणि तो आम्ही रास्त मानतो. वाडे दिवाणांचे, सरदारांचे व सावकारांचे. त्यांच्या वैभवाचा गौरव आज शाळेतल्या मुलांकडून का करवून घ्यावा? ज्यांच्या पूर्वजांस त्या दिंडीतून आत पाऊल टाकण्याची मुभा नव्हती, अशी मुलेही आज आपल्या वर्गांत आहेत. त्यांना हा वारसा आपला का वाटावा?

गौरव करावयाचा असेल तर हा आक्षेप निरुत्तर करणारा आहे. परंतु जतन म्हणजे गौरव नव्हे. वाडा हा पुरावा आहे, आणि पुरावा सर्व बाजूंचा असतो. ज्या खांबाकडे आपण मान वर करून पाहतो तो कोणा सुताराने घडविला. ज्या भिंतीवर चित्र आहे तिचा चुना कोणा बाईने डोक्यावरून वाहिला. दिवाणाचे नाव इतिहासात राहिले, त्यांचे राहिले नाही. त्यांचे काम मात्र वाड्यातच आहे, दुसरीकडे कोठेही नाही. मागचा दरवाजा, वेगळा पाणवठा, बायकांसाठी अंधारी ठेवलेली माजघरे, हेही वाडाच दाखवितो. तो पाडल्याने जुना अन्याय पुसला जात नाही. त्याची साक्ष तेवढी पुसली जाते. म्हणून वाड्यात मुलांना नेणाऱ्या शिक्षकाने दिवाणखान्याइतकाच वेळ मागच्या चौकातही घालवावा, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. सर्वांच्या हिश्शाचे काही सापडले, तरच तो वारसा सर्वांचा होईल.

उपसंहार

बडोदे संस्थानाने सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग १८९३ मध्ये अमरेली भागातील काही गावांपासून आरंभिला आणि १९०६ मध्ये तो सर्व राज्यभर नेला. आधी थोड्या गावांत करून पाहावे व मग विस्तार करावा, ही त्या योजनेची रीत होती. वाड्यांच्या बाबतीतही तीच रीत आम्हांस व्यवहार्य वाटते. प्रत्येक केंद्रातील एका शाळेने एक गल्ली घ्यावी. एका शैक्षणिक वर्षात तिची यादी, एक आराखडा, दहा वृद्धांच्या आठवणी आणि शंभर शब्दांचा संग्रह एवढे काम पुरे करावे. अशा दहा केंद्रांची टिपणे एकत्र आली, तर महाराष्ट्राबाहेरील मराठी वसाहतींचा जो घरगुती इतिहास अद्याप लिहावयाचा राहिला आहे, त्याची सामग्री हाती येईल.

पावसाळा तोंडावर आला की ज्याला कौले परतवावयाची असतात तो मुहूर्त पाहत बसत नाही. आपल्या गावातील जुन्या वाड्यांची यादी या जूनमध्ये, शाळा उघडताच, सुरू व्हावी, इतकीच आमची सर्व शिक्षकबंधूंस व भगिनींस विनंती आहे.